डॉक्टरबाईंचं वर्तुळ

आईला एकदाचं तपासणीला आणायचं, एवढंच त्या दुपारचं काम होतं. साधंच काम. पण त्यासाठी लेकीला वर्षभर तिच्या मागे लागावं लागलं होतं. आधी म्हणे पाहुणे येणार आहेत, मग गुडघा दुखतोय, मग पडदे धुवायचेत. पडदे दोनदा धुऊन वाळले तरी आई काही हलेना.

"मला काय धाड भरलीय?" आई विचारायची.

"तेच तर बघायचंय."

"बघितलं की काहीतरी निघतंच. तुझ्या आत्याचं नाही का निघालं?"

"आत्याचं उशिरा बघितलं, आई. म्हणून तर..."

"तू लहान आहेस. तुला नाही कळायचं."

इथं लेकीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पदवी घेतलेली, नोकरी करणारी, रोज बायकांच्या स्तनांचे क्ष-किरण फोटो काढणारी मुलगी, आणि तिलाच कळायचं नाही! शेजारच्या काकूंना मात्र सगळं कळायचं. काकू म्हणाल्या, जाऊन ये गं, फुकट आहे म्हणे. तेव्हा कुठे आई पायात चपला सरकवून निघाली.

तपासणी केंद्रात या मुलीला सगळे ठिणगी म्हणत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिनं एका बड्या पाहुण्याला, बाहेर बायका रांगेत ताटकळल्यात, तुमचे सत्काराचे फोटो नंतर काढा, असं तोंडावर सुनावलं होतं. नाव ठेवलं डॉक्टरबाईंनी. डॉक्टरबाई आता नव्हत्या. नाव तेवढं राहिलं.

केंद्राचा हा विभाग तळमजल्याच्याही खाली होता. खिडकी एकही नाही. जिना उतरून आलं की आधी बाकं मांडलेला बोळ, मग फोटो काढायची खोली आणि तिला लागूनच काळी खोली. तिथं बसून डॉक्टर पडद्यावर फोटो बघत. भर दुपारीही त्या खोलीत दिवा लावायचा नाही असा दंडक होता, कारण राखाडीतला बारीक फरक उजेडात डोळ्याला दिसत नाही. वर रस्त्यावर ऊन रणरणत असायचं आणि इथं खाली, दोन पडद्यांच्या निळसर प्रकाशात माणसांचे नुसते चेहरे तरंगत असायचे. वास यायचा तो तापलेल्या यंत्रांच्या धुळीचा, जंतुनाशकाचा आणि कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी निलगिरीच्या तेलाचा. डॉक्टरबाई कपाळाला निलगिरी लावायच्या. त्या गेल्यावर खुर्ची दोनदा पुसून काढली होती. वास गेला नव्हता.

त्या खोलीत खुर्च्या दोनच. पहिली मोठ्या डॉक्टरांची, दुसरी डॉक्टरबाईंची. प्रत्येक फोटो दोघांनी पाहायचा, पण एकमेकांशी चकार शब्द न बोलता. मोठे डॉक्टर आपलं मत नोंदवून उठायचे आणि मगच डॉक्टरबाई आपल्या पडद्यापाशी बसायच्या. पहिल्याचं मत कानावर पडलं की दुसऱ्याचा डोळा आळशी होतो, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं. बाई अंगानं एवढ्याशा. खुर्ची पार खाली करून बसायच्या. कधीकाळी मोटारीच्या दारात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक बाहेरच्या बाजूला वळलं होतं. त्याच वाकड्या बोटानं त्या पडद्यावरच्या संशयाच्या जागेभोवती वर्तुळ काढायच्या. ते वर्तुळ कधीच पूर्ण करायच्या नाहीत. खालच्या बाजूला फट ठेवायच्या.

"बंद केलं की मनाला वाटतं, झालं काम," त्या ठिणगीला म्हणाल्या होत्या. "तोंड उघडं ठेवलं की पुढचा माणूस आत डोकावतो."

बाईंनाही तोच आजार, स्तनाचा कर्करोग, झाला. कळला तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटचे काही महिने त्या अंगाभोवती शाल गुंडाळून त्याच खुर्चीत बसून होत्या. एका कंपनीचं एआय सॉफ्टवेअर यायचं होतं, ते शिकवायला. वर्षानुवर्षांचे जुने फोटो एकेक करून उघडायचे आणि कुठं बघ, काय बघ, हे त्याला दाखवायचं. "मी नसले तरी दुसरी नजर राहिली पाहिजे," एवढंच म्हणायच्या. त्या गेल्या आणि त्यांच्या पडद्यावर ते सॉफ्टवेअर बसलं. दुसरा माणूस काही नेमला गेला नाही. जागाच रद्द झाली. 

सॉफ्टवेअरचं नाव केंद्रात पडलं जावईबुवा. थाटामाटात आला, गारवा जरा कमी झाला की रुसायचा, आणि वरिष्ठ मंडळी त्याच्या पुढेपुढे करायची. खोटं कशाला बोला, जावईबुवा कामाचा होता. मोठ्या डॉक्टरांनी 'ठीक' असं नोंदवल्यावर त्याचा पडदा उजळायचा आणि शंका असेल तिथं हिरवी चौकट उमटायची. दोनदा तर त्यानं मोठ्या डॉक्टरांच्या नजरेतून निसटलेलं पकडलं. दोन्ही वेळा मोठ्या डॉक्टरांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं.

ठिणगीनं स्वतःच आईचे फोटो काढायला घेतले. दुसऱ्या कोणासमोर आई झगा सोडायला तयार नव्हती. लेकीसमोरही नव्हती म्हणा.

"तिकडे बघ तू."

"आई, तिकडे बघून फोटो कसा काढू?"

"शिकलेली ना तू? काढ."

यंत्राची पट्टी गार होती. वरची पारदर्शक पट्टी खाली येऊन दाब पडला तशी आई कळवळली, पण ओठ घट्ट मिटून उभी राहिली. ठिणगी काचेच्या आडोशामागे गेली. बटण दाबताना, तपासून घेणाऱ्या बाईशिवाय यंत्रापाशी कोणी थांबायचं नाही, हा नियम तिनं आईला आधीच सांगितला होता.

"श्वास धर."

"धरलाय जन्मभर," आई पुटपुटली. ठिणगीला हसू आलं. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

फोटो काळ्या खोलीत गेले. मोठे डॉक्टर एकीकडे फोनवर घराच्या रंगकामाबद्दल बोलत होते, दुसरीकडे आईचे फोटो सरकवत होते. डावा, उजवा, वरून, बाजूनं. मग त्यांनी 'ठीक' दाबलं आणि खुर्ची मागे लोटली.

"झालं. आईला सांग, काही नाही. पेढे... नाही, चहा तरी पाज."

ठिणगी दारातच उभी होती. तिची नजर दुसऱ्या पडद्यावर गेली. जावईबुवा जागा झाला होता. आईच्या डाव्या बाजूच्या फोटोत, खालच्या अंगाला, आतल्या बाजूस काहीतरी उमटत होतं. हिरवी चौकट नव्हती. एक बारीक पांढरी रेघ, किंचित थरथरत, गोल फिरत निघाली आणि टोकं जुळायच्या आधी थांबली.

ती दोन पावलं पुढे आली.

"सर... हे बघा."

मोठ्या डॉक्टरांनी वाकून पाहिलं. क्षणभरच. मग मान वळवली. "पुन्हा तेच. आठवडाभर त्या ठोकळ्यावर पण असंच करतंय ना?"

ते खरं होतं. रोज सकाळी यंत्र नीट चालतंय का हे बघायला ठिणगी प्लास्टिकच्या एका ठोकळ्याचा फोटो काढायची. ठोकळ्यात ठरावीक ठिपके नि रेघा असतात, त्या दिसल्या की यंत्र बरोबर. आठवडाभर त्या फोटोवर वरच्या अंगाला, बाहेरच्या बाजूस एक अर्धवट वर्तुळ उमटत होतं. कंपनीला कळवलं होतं. उद्या बघतो, असं कंपनी रोज सांगत होती.

"सर, ठोकळ्यावर ते वरच्या बाजूला असतं. हे खाली आहे. बिघाड असता तर जागा बदलली असती का?"

"बिघाड तुला विचारून होतो का?"

"आणि हे वर्तुळ बाईंचं आहे. तुम्हाला माहीत आहे."

निळसर प्रकाशात मोठ्या डॉक्टरांचा चेहरा पिठासारखा दिसला.

"बाई गेल्या," ते सावकाश म्हणाले. "हे तिच्या खुणांवर शिकलेलं यंत्र आहे. तसंच काढणार. त्यात काय भुताटकी आहे? फोटो मी बघितला. मी. तीस वर्षं बघतोय."

"मग दुसऱ्यांदा बघा ना. दोन मिनिटं लागतील."

"ठिणगे, तू फोटो काढ. वाचायचं काम आमचं."

त्यांनी तिच्यासमोर कंपनीच्या इंजिनीअरला फोन लावला, आणि यंत्राला उगाच शंका काढायची खोड लागलीय, त्याची संशय घ्यायची पातळी जरा खाली आणा, असं फर्मावलं. पलीकडून आवाज आला, "हो सर, लगेच सर." पडदा एकदा मिटला, पुन्हा उजळला. आईच्या फोटोवर आता काहीही नव्हतं. राखाडी ढगांसारखा फोटो, स्वच्छ.

"बघ," मोठे डॉक्टर म्हणाले. "गेलं."

जणू आजारच गेला! पातळी खाली आणली की शंका जाते. ठिणगीच्या मुठी वळल्या होत्या. ओरडावं, खुर्ची उलथून टाकावी, काहीतरी फोडावं असं तिला वाटलं. ती फक्त दार लोटून बाहेर आली.

बाकावर आई पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"काय म्हणाले मोठे डॉक्टर?"

"ठीक आहे म्हणाले. पण मला नाही वाटत. पुन्हा एक फोटो काढू."

"ते म्हणाले ना ठीक? मग झालं. तू कशाला फाटे फोडतेस? एवढे अनुभवी आहेत ते."

"आई, तुला माझ्यावर विश्वास नाही आणि घराच्या रंगाबद्दल फोनवर बोलत फोटो बघणाऱ्या माणसावर आहे?"

"असं बोलू नये मोठ्यांबद्दल."

ठिणगी तिच्यासमोर उकिडवी बसली. खरं सांगून उपयोग नव्हता. खरं ऐकायला या घरात, या केंद्रात, कोणालाच वेळ नव्हता. मग तिनं सरळ थाप मारली. "फोटो हललाय आई. तू श्वास सोडलास मध्येच. मलाच बोलणी बसतील."

लेकीला बोलणी बसणार म्हटल्यावर आई उठली. "आधी नाही का सांगायचंस," म्हणत स्वतःच झगा घालायला गेली.

तंत्रज्ञानं आपल्या मनानं जास्तीचा फोटो काढायचा नसतो. नोकरी जाऊ शकते. ठिणगीनं यंत्रावर लहान पट्टी चढवली, एकाच जागेचा मोठा करून फोटो घेण्यासाठी असते ती. ते वर्तुळ जिथं होतं ती जागा तिच्या डोळ्यांत पक्की बसली होती. तिथं तिनं पट्टी आणली, दाब दिला आणि काचेमागे गेली.

खोलीत दिवा मंद होता. आई यंत्राला टेकून, मान वळवून उभी. तिच्या पाठीमागे यंत्राची सावली भिंतीवर पडली होती, आणि ती सावली यंत्रापेक्षा जरा रुंद वाटत होती. ठिणगीनं डोळे चोळले. निलगिरीचा वास आला. या खोलीत तो कधीच येत नसे.

"श्वास धर, आई. हलू नकोस."

या वेळी आईनं उलट उत्तर दिलं नाही. ती अगदी स्थिर उभी होती. काचेतून ठिणगीला दिसलं ते एवढंच, की आईच्या खांद्यावर झग्याचं कापड आत दबलंय. जसं कोणी तळहात ठेवावा तसं. वारा नव्हता. पंखाही नव्हता.

तिनं बटण दाबलं. यंत्र घुमलं, थांबलं, पट्टी वर गेली. दबलेलं कापड सावकाश, जणू एकेक बोट उचललं जावं तसं, वर आलं.

आई झगा सावरत वळली. "ती कुठं गेली?"

"कोण...?"

"ती बाई. मला धरून होती ती. तू म्हणालीस ना, फोटोच्या वेळी खोलीत कोणी नसतं?" आईनं खांदा चोळला. "बिचारीचे हात काय गार होते गं. पण धरलं छान. या वेळी दुखलं नाही."

ठिणगी आईला बोळात बसवून आली आणि तिनं काचेमागच्या छोट्या पडद्यावर नुकता काढलेला फोटो उघडला.

मधोमध, अंधुक राखाडीत, बारीक पांढरे कण होते. मीठ सांडावं तसे. एका ओळीत, दाटीवाटीनं, वेडेवाकडे. चुन्याचे असे कण म्हणजे आजाराची पहिली चाहूल; ते दिसले की बाई नुसतं बोट टेकवायच्या. पहिल्या फोटोत ते दाट मांसात झाकलेले होते. आता लपायला जागा नव्हती.

आणि फोटोच्या कडेला दुसरंही काहीतरी होतं. ते पाहून ठिणगीनं टेबलाची कड धरली.

ती तशीच मोठ्या डॉक्टरांकडे गेली. ते निघायच्या बेतात होते, कोट हातावर टाकलेला. तिनं फोटो मोठ्या पडद्यावर लावला. ते आधी चिडले. विचारल्याशिवाय फोटो काढलास, उद्या वरिष्ठांना काय सांगू, वगैरे. मग बसले. त्यांनी भिंग सरकवलं, पुन्हा सरकवलं.

"हे... कण..." ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, उगाच चढ्या आवाजात, "आणि हे काय? बोट आलंय तुझं कडेला. नवशिकी आहेस का? पट्टीवरचा हात काढता येत नाही?"

नव्या तंत्रज्ञाकडून ही चूक होते. नीट धरता धरता हात राहून जातो आणि बोटाचं हाड फोटोत येतं. ठिणगीकडूनही पहिल्या महिन्यात झाली होती. पुन्हा तुझं बोट, म्हणून बाई रागवायच्या.

"मी काचेमागे होते, सर."

"मग आईचं असेल."

"आईचे दोन्ही हात यंत्राच्या दांडीवर होते." तिनं आपली बोटं पडद्याच्या उजेडात धरली. सरळ, लांब बोटं. "नीट बघा... टोक बघा."

फोटोच्या कडेला एका बोटाचं शेवटचं हाड दिसत होतं. स्वच्छ, पांढरं. त्याचं टोक बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं.

मोठे डॉक्टर किती तरी वेळ बघत राहिले. त्यांचा कोट हातावरून घसरून खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही.

"तिचा फोटोही मीच बघितला होता," ते हळू म्हणाले. ठिणगीकडे न बघता, दुसऱ्या खुर्चीकडे बघत. "पहिल्यांदा काढला तेव्हा. ठीक दाबलं. दुसरी नजर... दुसरी तीच होती. स्वतःचा फोटो स्वतः वाचायचा नाही, असा नियम. तिनंच केलेला. दुसऱ्या कोणी वाचलाच नाही तो..." मग ते म्हणाले, "त्या ठोकळ्यावर वर्तुळ उमटतं ना... तिला तिथंच होतं. डावीकडे. वर, बाहेरच्या बाजूला."

दुसरी खुर्ची पार खाली केलेली होती. कोण करतं कोण जाणे. झाडणारा माणूस रोज संध्याकाळी ती वर करून जायचा.

आईची बायोप्सी झाली. सुई घालून तुकडा काढला, तपासला. आजार होता, पण अगदी सुरुवातीचा, दूध वाहणाऱ्या नळीतच अडकलेला, बाहेर पसरलेला नव्हता. शस्त्रक्रिया झाली. आणखी वर्षभर थांबला असतात तर गोष्ट वेगळी होती, असं शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. आई इस्पितळाच्या खाटेवरून म्हणाली, "तरी मी तुला म्हणत होते, एकदा दाखवून घेऊ या." ठिणगीनं कपाळावर हात मारला आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडली.

केंद्रात मात्र सगळं व्हायचं तसंच झालं. कंपनीनं प्रवेशद्वारात भलामोठा फलक लावला: आमच्या एआयनं वाचवला एका आईचा जीव. मोठ्या डॉक्टरांचा बैठकीत सत्कार झाला. अनुभवी डोळा आणि आधुनिक यंत्र यांचा संगम, असं कोणीसं बोललं आणि टाळ्या पडल्या. मोठे डॉक्टर मान खाली घालून बसले होते, पण 'नाही' म्हणाले नाहीत. ठिणगी उभी राहिली. दुसऱ्या डॉक्टरची जागा पुन्हा भरा, यंत्र तिसरी नजर म्हणून खुशाल ठेवा, पण खुर्चीत माणूस हवा, असं तिनं सांगितलं.

"नक्की विचार करू," वरिष्ठ म्हणाले, आणि चहा मागवला.

पुढे काही दिवसांनी कंपनीचा इंजिनीअर आला. पोरगेलासा, घामाघूम. ठिणगीनं त्याला विचारलं, "चौकटीऐवजी वर्तुळ कधीपासून काढायला लागलं तुमचं सॉफ्टवेअर?"

"वर्तुळ? नाही मॅडम. त्याला चौकटीशिवाय काही काढताच येत नाही. तसं लिहिलेलंच नाही ते." त्यानं पडद्यावर बराच वेळ खाटखूट केली. मग कानामागे खाजवत म्हणाला, "गंमतच आहे. तुमच्या आईच्या पहिल्या फोटोवर आमच्या सिस्टिमनं काहीच खूण केली नव्हती. त्यानंही 'ठीक'च म्हटलंय." थोडं थांबून, आवाज खाली आणून तो म्हणाला, "फलक लागलाय तो... हे कोणाला सांगू नका हं."

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर ठिणगीनं दुसऱ्या पडद्यावर डॉक्टरबाईंचा तो जुना फोटो उघडला. वाचायचं काम तिचं नव्हतं. तरी ती खाली केलेल्या त्या खुर्चीत, गुडघे पोटाशी येत असताना, बसली आणि तिनं तो फोटो शेवटपर्यंत पाहिला. वरच्या अंगाला, बाहेरच्या बाजूस ते होतं. लहानसं. दिसण्यासारखं.

"दिसलं, बाई," ती म्हणाली. "मी बघितलं."

आता तरी ठोकळ्यावरचं वर्तुळ थांबेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते होतंच. त्याच जागी. तिसऱ्या दिवशीही. इंजिनीअरनं पडदा बदलला, तारा बदलल्या. तरी रोज सकाळी ठिणगी ठोकळा ठेवायची, काचेमागे जायची, बटण दाबायची आणि ते उमटायचं. तिला राग यायला लागला. बघितलं ना बाई, आणखी काय हवंय? मोठ्या माणसांचं हे असंच. एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा तेच.

काही महिन्यांनी आई ठरल्याप्रमाणे पुन्हा तपासणीला आली. या वेळी काकूंची गरज पडली नाही. बोळातल्या दोन बायकांना तर आईच समजावत होती, काही दुखत नाही हो, माझीच मुलगी काढते फोटो. ठिणगीनं फोटो काढले. मोठ्या डॉक्टरांनी ते हल्ली प्रत्येक फोटो बघायचे तसे, फोन बंद ठेवून, दोनदा पाहिले. ठीक. यंत्रानं चौकट काढली नाही. ठिणगी पडद्यासमोर श्वास रोखून उभी राहिली. पांढरी रेघ उमटली नाही. आईचा फोटो स्वच्छ होता. खराखुरा स्वच्छ.

तिचे खांदे कितीतरी दिवसांनी सैल झाले. ती खोलीत परत आली तेव्हा आई ब्लाउजची बटणं लावत होती.

"सगळं छान आहे, आई. काही नाही."

"देवानं ऐकलं हो." आईनं शेवटचं बटण लावलं. मग इकडेतिकडे पाहिलं. "आज ती माझ्यापाशी नाही आली."

"कोण...?" ठिणगीनं विचारलं, पण तिला माहीत होतं. "बरं झालं ना मग. आता तुला तिची गरज नाही."

"हो, तेच म्हणतेय." आई हसली. "आज ती तिकडे होती. काचेमागे. तुझ्या पाठीशी उभी होती."

यंत्र बंद होताना कुठेतरी आत टक् असा आवाज झाला.

"मला वाटलं, मैत्रीण असेल तुझी. तू बटण दाबत होतीस, तुझं लक्ष नव्हतं. एवढीशी आहे, तुझ्या खांद्यावरून तिला दिसेना, म्हणून तिनं पुढे हात घातला होता... असा." आई जवळ आली. लेकीच्या पांढऱ्या कोटावर, डाव्या बाजूला, वर, बाहेरच्या अंगाला तिनं बोट टेकवलं. रोज सकाळी ठोकळ्यावर उमटायचं अगदी त्याच जागी. "आणि बोटानं असं करत होती बघ. पुन्हा पुन्हा. काय खेळ होता कोण जाणे..."

आईचं बोट कोटावरून गोल फिरत गेलं आणि खालच्या बाजूला, टोकं जुळायच्या जरा आधी, थांबलं.